आईच्या बोलण्यावरचा हशा

"काका, तुमची आई बोलायची तसं हिला शिकवा. लोक खुर्चीवरून खाली पडले पाहिजेत."

सर असं म्हणाले आणि सगळे हसले. शिळफाट्याच्या हॉलमध्ये आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या येत्या मोसमाचं वाचन चाललं होतं. एक संगीत, एक पौराणिक, दोन नवी नाटकं. सर म्हणजे दिग्दर्शक. 'ही' म्हणजे सारिका, कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी, माझ्याच गावची पोर. पौराणिक नाटकातल्या राणीचं स्वगत ती पाठ करून आली होती. न अडखळता म्हटलं. मध्ये एक 'नाय' निसटलं. तेवढ्यावर राणीची भूमिका कॉलनीतल्या एका बाईंना गेली, सारिकाला दासी.

आमच्याकडे हे असंच चालत आलंय. शुद्ध बोलणारे राजे, वकील, डॉक्टर. भातखाचरातून आलेले गडी आणि दासी. गड्याने तोंड उघडलं की प्रेक्षकांनी हसायचं.

ती सवय प्रेक्षकांना मी लावली. मोसमाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'गोड आठवणी' मागितल्यात. मला हास्याचा बादशहा म्हणणार आहेत. म्हणून खरं काय ते लिहितो. छापायचं तर जसंच्या तसं छापा.

तरुणपणी मीही राजा मागितला होता. तेव्हाचे दिग्दर्शक म्हणाले, "आधी स्वतःचा आवाज ऐक." गडी दिला. वर म्हणाले, "घरी आई बोलते ना, तसं बोल."

बोललो. तालीम थांबली, इतके हसले. पहिल्यांदाच त्या लोकांची थाप माझ्या पाठीवर पडली. मला ती हवी होती. मग मी आईचं सगळंच उचललं. तिचा हेल. कपाळाला हात लावणं. बोलताना पदराने तोंड पुसणं, ते मी उपरण्याने केलं.

प्रयोगाला आईला पुढच्या रांगेत बसवलं. मी म्हणालो, "नाय रं बाबा, आमी कशाला खोटं बोलू?" हॉल फुटला. आई आजूबाजूला बघत होती, लोक कशाला हसतात ते. मग तिला कळलं. कळलं तो क्षण मला रंगमंचावरून दिसला. तिने पदर तोंडाला लावला.

घरी जाताना म्हणाली, "चांगला झाला रं खेळ. मी येवढं हसन्यासारखं बोलते?"

 पुढच्या प्रयोगात मी गड्याचं ते वाक्य आणखी लांबवलं.

त्यानंतर मंडळाचं कोणी घरी आलं की आई चहा ठेवून मुकाट आत जायची. मरेपर्यंत. एकाने विचारलं, "तुझी आई मुकी आहे का रे?" मी नुसता हसलो.

आणि आता हॉलमध्ये सारिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणत होती, "काका, मला तसंच बोलता येतंय. पन हसन्यासारखं कसं करायचं?"

मी उभा राहिलो. "मी शिकवनार नाय."

सवयीने दोघेतिघे हसले. मग थांबले.

"काका, गंमत पुरे," सर म्हणाले.

"गंमत नाय. राणी हिला द्या. हिनं पाठ म्हटलंय, बाईंनी कागदात बघून वाचलंय."

"राणी 'नाय' म्हणेल का हो?"

"आमच्या गावची म्हनंल."

कोणी हसलं नाही. सर संहितेची पानं चाळत म्हणाले, "तुम्ही यंदा विश्रांती घ्या." माझा गडी गेला. मी चपला घातल्या.

सारिका तिथेच राहिली. तिला रंगमंच हवाय, मला हवा होता तितकाच. तिला मी बोल लावणार नाही.

पहिल्या प्रयोगाला मी तिकीट काढून जाणार आहे. पुढच्या रांगेत बसणार, आई बसली होती तिथे. दासी बोलेल, हशा उठेल. तेव्हा मी उभा राहीन, पाठ रंगमंचाकडे आणि तोंड हसणाऱ्यांकडे करून. हसू थांबेपर्यंत बसणार नाही. दंडाला धरून बाहेर काढतील. काढू देत. पुढच्या प्रयोगाला त्याच खुर्चीत असेन.