माई कशावर बसणार

इंजिनाच्या बाबतीत विश्राम सकपाळला कोणाचं मत लागत नसे. लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, आणि डॉक्टरने रोग्याच्या नातेवाइकांकडे बघावं तसा मालकाकडे बघायचा. तेवढ्यात मालक निम्मा खचलेला असे. पण इंजिन सोडून जगातली कुठलीही गोष्ट निघाली, छत्री घेणं असो की चष्मा, की विश्राम चार जणांना विचारी आणि शेवटी जो भेटेल त्याचं ऐकी. थोरल्या मुलीचं नाव हेमा ठेवलं, तेसुद्धा बारशाच्या सकाळी पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनने सुचवलं म्हणून.

चिपळूणकडच्या एका खेड्यातून तो तेराव्या वर्षी ठाण्याला आला, लॉरीवर क्लीनर म्हणून. पुढे सोळा वर्षं एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबाची मोटार चालवली. बावन साली साहेब विलायतेला परत गेला. नव्या साहेबाने आपला ड्रायव्हर बरोबर आणला आणि विश्रामला गोदामावर पहारा करायला सांगितलं. विश्रामने नोकरी सोडली. सोळा वर्षांत घेतलेला हा त्याचा पहिला झटपट निर्णय, आणि त्याने कोणालाही विचारलं नाही म्हणून आळीतले चार लोक अजून रुसलेले आहेत.

आता स्वतःची जुनी गाडी घ्यायची आणि भाड्याने चालवायची, असं त्याने ठरवलं. गाडी मिळाली, पण तिला काम कोण देणार? ते द्यायला एकच माणूस तयार होता, नौपाड्यातले सुधीर वकील. आणि त्यांचीही एक अट होती. ती म्हणजे त्यांची आई.

आईचं नाव विमलाबाई. सगळा नौपाडा त्यांना माई म्हणे. माई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याला मार बसला. कल्याणच्या एका हाडवैद्याचा हात चांगला, आठवड्यातून तीन वेळा त्याच्याकडे जाऊन चोळून घ्यायचं ठरलं. आगगाडीत चढणं जमेना. टांग्याने एवढं अंतर जाण्यात होती ती हाडंही हलली असती. वकिलांनी भाड्याच्या दोन मोटारी दारात आणून पाहिल्या. दोन्हींच्या सीटा चामड्याच्या. माईंनी काठीच्या टोकाने सीट टोचून पाहिली आणि लंगडत परत घरात गेल्या.

"अगं, वर धाबळी अंथर," वकील म्हणाले.

"अंथरीन. पण खाली काय आहे ते मला ठाऊक असणार ना?" माई म्हणाल्या. चामड्याला शिवल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय त्या पाणीसुद्धा पीत नसत.

वकिलांनी विश्रामला स्पष्ट सांगितलं, "आई ज्या गाडीत बसेल, तिला वर्षाचं काम बांधून देतो. कल्याणच्या खेपा, माझ्या कोर्टाच्या खेपा, सगळं. पण ती बसली नाही, तर विश्राम, मला गाडीचं करायचंय काय?"

विश्राममधला हिशेबी माणूस एवढं समजून होता की माई बसल्या तर गाडी, नाहीतर चाळिशीत पुन्हा दुसऱ्याची लॉरी पुसायची.

गाडी होती कोपरीला, तानाजीशेठच्या आवारात. जुनी हिलमन. इंजिन विश्रामने ऐकलं होतं. त्यावर प्रश्न नव्हता. प्रश्न सीटांचा होता. मूळच्या सीटा अस्सल चामड्याच्या, तपकिरी, कडेला किंचित फाटलेल्या, पण अजून दहा वर्षं हलणार नाहीत अशा. तानाजीशेठकडे दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या हिलमनच्या सीटा होत्या, त्यांना काळं चकचकीत रेक्झिन लावलेलं. कुठल्याशा कारखान्याचं, कापडावर रोगण चढवून चामड्यासारखं दाणेदार केलेलं.

"देख विश्राम, किंमत तीच. पाहिजे ती घे," तानाजीशेठ म्हणाला होता. "पण सोमवारी दहाच्या आत सांग. शहाडचा गुणाजी ठेकेदार येणार आहे. त्याच्या जीपला चामडं पाहिजे. तू नाही घेतलंस तर त्याला दिलं."

मग अर्थातच विश्रामने चार जणांना विचारलं. शेजारचा मधू कारकून म्हणाला, चामड्याला तोड नाही, साहेबाची शान असते. किराणावाला म्हणाला, रेक्झिन घ्या, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. तिसऱ्याने सांगितलं, उन्हात रेक्झिन पाठीला असं चिकटतं की उठताना सदरा मागे राहतो. शेवटी भेटली बायको, मंदाकिनी.

"बसणार कोण, तुम्ही का त्या माई?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "मग आख्ख्या ठाण्याला कशाला विचारत फिरताय? त्यांनाच न्या की आवारात. बसून बघू देत."

शेवटचं मत मंदाकिनीचं पडल्यामुळे सोमवारी सकाळी माईंना कोपरीला आणायचं ठरलं. वकिलांना कोर्ट होतं, त्यांनी टांगा करून दिला. विश्राम आठपासून आवाराच्या फाटकात उभा. साहेबाच्या वेळचा खाकी कोट त्याने घातला होता. कपाळावर मात्र घाम होता.

नऊ वाजले. टांगा नाही. साडेनऊला एक सायकलवाला सांगून गेला की रेल्वेचं फाटक बंद आहे, मालगाडी अडकली आहे, पलीकडे टांग्यांची रांग लागली आहे. आणि पावणेदहाला, रेल्वे-फाटकाच्या अलीकडच्या बाजूने, हातगाडी आणि दोन मजूर घेऊन गुणाजी ठेकेदार आला. तोंडात विडी, खांद्यावर उपरणं.

"काय शेठ, माझ्या शिटा काढल्या काय?"

"हा विश्राम सांगेल," तानाजीशेठ म्हणाला आणि घड्याळाकडे बघत बसला. सीटा बसवणारा नाथा मिस्त्री पाना हातात घेऊन गाडीत शिरला.

"शेठ, अर्धा तास थांबा. माई येतायत."

"दहा म्हणजे दहा. मी याला बोलावून बसवून ठेवलाय."

"आरं बाबा, तुला चामडं पायजे का नको?" गुणाजी म्हणाला. "बाईल करायची का नाय एवढं इचारायला येवढा येळ लागत नाय."

मजूर हसले. विश्रामने मागच्या सीटवरून हात फिरवला. मऊ, थंड, जुनं चामडं. त्याच्या मनात तेच होतं. पण डोळ्यांसमोर माईंची काठी आली, सीट टोचून मागे फिरणारी. चामडं नको, एवढं तर त्यांनी सांगितलंच होतं. मग रेक्झिन. यात विचारायचं काय?

"काढ," तो नाथाला म्हणाला. "रेक्झिन घेतो."

पंधरा मिनिटांत चामड्याच्या दोन्ही सीटा बाहेर आल्या. मागची लांब सीट फाटकाजवळ दोन लाकडी खोक्यांवर ठेवली, पुढची हातगाडीवर चढवली आणि गुणाजीने तानाजीशेठला पैसे मोजून दिले. मजूर सुतळी सोडवू लागले. आणि तेवढ्यात टांगा आला.

माई उतरल्या. लाल अलवण, हातात काठी, चेहऱ्यावर रेल्वेच्या फाटकात गेलेल्या पाऊण तासाचा राग. कोणी काही बोलायच्या आत त्या गाडीशेजारी आणून ठेवलेल्या रेक्झिनच्या मागच्या सीटेपाशी गेल्या. वाकून बघितलं. नख घासलं.

"विश्राम."

"हो माई."

"हे चामडंच आहे."

"नाही माई. रेक्झिन म्हणतात. आतून कापड आहे, वरून रोगण."

"दाणा चामड्याचा, रंग चामड्याचा, वास तर त्याहून वाईट. आणि म्हणे चामडं नाही. मला म्हातारीला बनवतोस?"

विश्रामने तानाजीशेठकडे पाहिलं. तानाजीशेठ आकाशाकडे बघत होता. मागे हातगाडीवर सुतळी आवळल्याचा करकर आवाज येत होता.

"शपथ घेतो, माई."

"शपथ कशाला? जाळून दाखव."

हे ऐकून नाथा गाडीतून बाहेर आला. पण नौपाड्यातल्या कुठल्याही बाईला यात नवल वाटलं नसतं. माई लग्नकार्यासाठी पैठणी घेताना दुकानदाराच्या नाकासमोर पदराचा एक धागा काढून जाळत. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर सूत, आणि मग दुकानदाराची काही धडगत नसे. चामडं जळलं तर त्याचा वास त्यांना ओळखता येणार होता. कापड जळलं तर प्रश्नच मिटला.

"माई, इथे पेट्रोल असतं," तानाजीशेठ आकाशातून खाली आला.

"मग लांब जाऊन जाळा. मला वास आला म्हणजे झालं."

नाथाने सीटेखालून बोटभर पट्टी कापून दिली. विश्रामने ती पकडीत धरली. आवारात लांब अशी जागा नव्हतीच. भिंतीजवळ टायर, टायरांशेजारी पेट्रोलचा डबा, इकडे सीटा. त्यातल्या त्यात मोकळ्या जागेत तो उभा राहिला. गुणाजीने मोठ्या मनाने आपली आगपेटी पुढे केली. ही काडी माईंना पटली पाहिजे, एवढंच विश्रामच्या डोक्यात होतं.

त्याने काडी लावली.

पट्टी जळली नाही, पट्टी उडाली; वरचं रोगण बंदुकीच्या दारूसारखं पेटलं. भक्कन हातभर पिवळा जाळ उठला, भुवया होरपळल्या, आणि विश्रामच्या हातून पकड सुटली. पेटलेला तुकडा उडून पडला तो नेमका रेक्झिनच्या सीटेच्या पायाशी, जिथे फाटक्या कोपऱ्यातून काथ्या लोंबत होता. काथ्याने पेट घेतला. जाळ सीटेच्या कडेने वर चढू लागला, फसफस करत, काळा धूर सोडत. पेट्रोलचा डबा दोन हातांवर.

मजूर पळाले. तानाजीशेठ डब्याकडे धावला आणि मध्येच थबकला. विश्रामने अंगातला खाकी कोट ओढून काढला, जाळावर टाकला आणि त्यावर गुडघे टेकून अंग झोकलं. पितळी बटणं गुडघ्यांना चटके देत होती. नाथाने वाळूची बादली ओतली, निम्मी आगीवर, निम्मी विश्रामच्या मानेत.

धूर विरला. सीटेचा एक कोपरा खाक झाला होता. कोटाला मूठभर भोक. विश्राम गुडघ्यावर बसून राहिला. त्याला आग विझल्याचं समाधान नव्हतं. वर्षाचं काम गेलं, आणि सीटही गेली.

"कापडच होतं," माई म्हणाल्या. केस जळाल्याचा वास कुठेच नव्हता. "खरं बोलत होतास."

"हो माई."

"पण त्याच्यावर मी बसायची नाही. चामड्यावर बसले तर आंघोळ करीन. याच्यावर बसले तर मला आंघोळ तुम्ही घालाल."

विश्रामने मान वर केली. माईंच्या काठीचं टोक वाळूत रुतलं होतं, एक हात दुखऱ्या खुब्यावर होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. टेकायला आवारात एकच जागा होती, फाटकाजवळ खोक्यांवर ठेवलेली ती लांब सीट. त्या चार पावलं गेल्या, सीटेसमोर थांबल्या. काठीने टोचली. मग, नदीत पहिलं पाऊल टाकावं तसं, डोळे मिटून बसल्या.

नौपाड्यातलं कोणी तिथे नव्हतं म्हणून बरं. कोणाला सांगून पटलं नसतं.

"चामडं निदान मेलेलं असतं," माई डोळे न उघडता म्हणाल्या. "मेल्याला मी भीत नाही. ते काळं अजून जिवंत आहे."

विश्राम ताडकन उठला. "शेठ, मला चामड्याच्या सीटा पाहिजेत."

"विकल्या," तानाजीशेठ म्हणाला. "याला विचार."

गुणाजीने विडी भिंतीवर विझवली, मग पुन्हा नीट बघितलं, विझली का. "आज्जी, उठा. ती शीट माझी हाय."

"हो का?" माई म्हणाल्या. "मग उचला."

गुणाजी पुढे झाला आणि थांबला. सीट उचलायची तर आधी अलवणातल्या, खुबा दुखावलेल्या म्हातारीला उठवायचं, आणि ते हात लावल्याशिवाय होत नव्हतं. त्याने मजुरांकडे बघितलं. ते नुकतेच परत आले होते आणि पुन्हा पळायच्या बेतात होते.

"आज्जी, मला साईटवर सायेब लोकांना बसवायचं असतं."

"बसवा ना. पुढची आहे की हातगाडीवर. साहेबाला पुढे बसवा, मान मिळतो."

"आन् मागं?"

"मागे जो बसेल तो साहेब नव्हे. त्याला काय, बाकड्यावर बसेल."

गुणाजी विश्रामकडे वळला. "तुजी कोन ही?"

"अजून कोणी नाही," विश्राम म्हणाला. "बसल्या तर गिऱ्हाईक."

"बसली की रं," गुणाजी म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. थोडा वेळ त्याने डोकं खाजवलं. मग पुढची सीट घेऊन, मागचीचे पैसे तानाजीशेठकडून परत मागून, तो हातगाडीमागे स्टेशनाकडे चालू लागला. जाताना आगपेटी मात्र मागून घेतली.

माईंना उठवून मागची सीट गाडीत बसवायला नाथाला अर्धा तास लागला. पुढे काय बसवायचं हा प्रश्न होताच. रेक्झिनची पुढची सीट शाबूत होती, पण तिच्याजवळ जायला आता नाथासुद्धा तयार नव्हता.

"खाकी ड्रिल आणि काथ्या घालून नवी करून देतो. आठ दिवस," तो म्हणाला.

"मधू म्हणतो ड्रिलला घामाचा वास राहतो," विश्राम म्हणाला. "किराणावाल्याला एकदा विचारून..."

"विश्राम," माई मागून म्हणाल्या, "ड्रिल."

"हो माई."

त्याने खोक्यांपैकी एक उचललं, गाडीत स्टिअरिंगमागे ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि बसला. नाथाने पुढून हँडल फिरवलं आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं. खोकं उंच असल्यामुळे त्याचं डोकं टपाला लागत होतं, तेव्हा मान तिरकी करून त्याने गाडी फाटकाबाहेर काढली. मागे माई ताठ बसल्या होत्या. सीटेला जितकं कमी अंग लागेल तितकं लागू देत.

"घरी ना, माई?"

"कल्याणला. आंघोळ करायचीच आहे, तर चोळून घेऊन मग करीन. आणि सावकाश चालव. एकदा बाटलेच आहे, आता घाई नाही काही मला."