त्या घरचं उरलेलं

"मापं संपली रे! आता केळी टाका!"

धाकटे मालक ओरडले आणि सगळी वाडी हसली. मी तराजूच्या एका पारड्यात उकिडवी बसले होते, साडी गुडघ्यांत दाबून. दुसऱ्या पारड्यात लोखंडी मापं. ऐंशी किलोची मापं चढली तरी माझं पारडं जमिनीवरून हलेना. मग त्यांनी केळीचे घड टाकले. एक. दोन. दुसऱ्या घडाला मी वर उचलले गेले. साखळी करकरली. झाडांना पाणी सोडणारे, घड उतरवणारे, टेम्पोवाला, सगळे टाळ्या पिटायला लागले.

"आमच्या घरचं अन्न कुठं जातं ते बघून घ्या!" धाकटे मालक म्हणाले. त्यांच्या वहिनी, घरच्या मोठ्या काकी, पडवीत उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

घडांचं वजन धरून अठ्ठ्याण्णव किलो भरले मी. वय अठ्ठावीस. आगाशीतली ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट.

आणि गाढवपणा माझाच. मीच काकींना विचारलं होतं, मला एकदा केळीच्या तराजूत बसू द्याल का म्हणून. मला माझं वजन हवं होतं. का हवं होतं ते कुणी विचारलं नाही.

माझ्या बेंबीतून आतडं बाहेर यायचं. आधी लिंबाएवढा गोळा होता, मग करवंटीएवढा झाला. विहिरीचं पाणी ओढलं की बाहेर, खोकला आला की बाहेर. हाताने आत ढकलायचं आणि पुन्हा भांड्यांना बसायचं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि साफ सांगितलं, "आत्ता कापलं तर टाके धरणार नाहीत. ऐंशीच्या खाली ये, मग ऑपरेशन. चार महिन्यांनंतरची तारीख देते. मधे आतडं अडकलं तर मात्र जिवावर बेतेल."

तिथल्या सिस्टर आमच्या वसईकडच्याच, ख्रिस्ती बाई. त्यांनी मला बाकावर बसवून केसपेपरच्या मागे लिहून दिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, वाचता यायचं. ठरल्या वेळी जेवायचं. ताट एकदाच. गोड आणि तळलेलं बंद. मिश्री बंद, कारण तिने खोकला येतो आणि खोकल्याने टाके तुटतात. रोज तासभर चालायचं. दर आठवड्याला वजन करायचं. मग त्यांनी विचारलं, "रोज जेवतेस काय?"

"उरलेलं," मी म्हणाले.

"म्हणजे किती?"

"उरंल तेवढं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

अकरा वर्षांची असताना आईने मला त्या घरी ठेवलं. आई अर्नाळ्याला दुसऱ्यांचे बोंबील वाळत घालायची. त्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण पेजेवाचून गेली होती. काकींच्या मागच्या दारात मला सोडताना आई एवढंच बोलली, "देतील ते खा. नाय म्हनू नको." मी नाही म्हणाले नाही. सतरा वर्षं.

काकी अन्न फेकत नसत. अन्न टाकणं म्हणजे पाप. मग पंगतीत उरलेलं, पाहुण्यांनी टाकलेलं, मुलांनी अर्धं चावून ठेवलेलं, आंबलेली आमटी, कडक झालेल्या पुऱ्या, वास मारणारी बासुंदी, सगळं माझ्या जर्मनच्या थाळीत. थाळी रिकामी केल्याशिवाय उठायचं नाही. पाप त्यांना लागायला नको म्हणून माझं पोट. त्या घराला उकिरडा लागतच नव्हता. मी होते की.

वर नाव पण ठेवलं होतं. हत्तीण. मुलं हाक मारायची, मी ओ द्यायची. आज आठवलं तरी माझ्या कानशिलात आग उठते. त्यांच्यामुळे नाही. मी ओ द्यायची म्हणून.

तराजूतून उतरले तेव्हा मी मनात ठरवलं. यातलं काही खायचं नाही. काकींना सांगून बघितलं, डॉक्टरीणबाईंनी असं असं सांगितलंय. काकी म्हणाल्या, "आमच्या अन्नाला नाकं मुरडतेस? एवढी झालीस ती कुणाच्या जिवावर?"

मग मी चोरी सुरू केली. जगात लोक अन्न चोरून खातात, मी चोरून टाकायला लागले. एक चपाती आणि वाटीभर भाजी खायची, बाकीचं सगळं केळीच्या बुंध्याशी पुरायचं. मिश्रीची डबी विहिरीत टाकली. आठ दिवस डोकं फुटायला आलं. पहाटे, घर उठायच्या आत, वाडीच्या कुंपणाकडेने फेऱ्या मारायची. सहा आठवड्यांत साड्या सैल झाल्या.

आणि मग काकींना केळीखाली पुऱ्या सापडल्या.

"अन्न पुरतेस?" म्हणत त्यांनी पळी घेतली. आमटीची, पितळेची. दंडावर, पाठीवर, कानावर. मी मोजत नव्हते. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते, बाकी कुठेही मारा म्हणून.

चार दिवसांनी घरात साखरपुडा होता. पाहुणे जेवून सुपारी चघळत बसले होते. धाकट्या मालकांनी मला ओटीवर बोलावलं. माझी थाळी पुढे ठेवली. श्रीखंड, पुऱ्या, जिलेब्या, सगळं एकत्र कालवलेलं. ते पाहुण्यांना म्हणाले, "हिला आमचं अन्न आवडेनासं झालंय. आज तुमच्यासमोर खाणार."

"मी नाय खानार," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा. आवाज माझाच होता का, तेही कळलं नाही.

घरातल्या दोघी बायकांनी माझे हात मागे धरले. धाकट्या मालकांनी घास केला आणि माझ्या दातांवर दाबला. मी तोंड मिटलेलं. त्यांनी नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तसा घास आत गेला, त्याच्या मागोमाग त्यांची बोटं आत गेली, घशापर्यंत. पाहुणे हसत होते.

मी चावले.

जीव खाऊन चावले. हाडाला दात लागले तरी सोडलं नाही. ते किंचाळले, काकी किंचाळल्या, कुणीतरी माझे केस ओढले. श्रीखंडात रक्त सांडलं. ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग त्यांची लाथ बसली, बरोबर गोळ्यावर. मी ओटीवरून खाली पडले, ओकले, आणि ओकताना पण दात विचकून त्यांच्याकडे बघत होते.

कशीबशी वाडीच्या बाहेर आले. चिंचेखाली उताणी पडून, गुडघे वर घेऊन, सिस्टरनी शिकवलं तसं मी लाथेने बाहेर आलेलं आतडं आत सारलं. पाऊण तास लागला. गेलं आत. मग उठले आणि अर्नाळ्याला आईकडे गेले.

आईने तोंड फिरवलं. "खातं घर सोडलंस," एवढंच. मी तिच्याबरोबर बोंबील वाळत घालायला लागले. सकाळी आठला नाचणीची एक भाकरी आणि कालवण. दुपारी एकला तेवढंच. संध्याकाळी पेज. सकाळी तासभर किनाऱ्यावरून चालायचं, वाळूत पाय रुतायचे, पोट दुखायचं, तरी. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहायची. तिथे कुणी टाळ्या पिटत नव्हतं.

दहा आठवडे गेले. मग काकींचा गडी डबा घेऊन आला. पुरणपोळ्या, तुपाने थबथबलेल्या, कालच्या. निरोप होता, "झालं गेलं विसर. परत ये. इथे रोज अन्न वाया जातंय."

आईने झाकण उघडलं. तिची बोटं पोळीवर टेकली. मी डबा तिच्या हातातून ओढून घेतला.

तिने माझ्या थोबाडीत मारली. "तुझी बहीन पेजेवाचून गेली गं! पेजेवाचून!"

 तिचं खरं होतं. पण माझंही खरं होतं. डबा घेऊन निघाले. अर्नाळा ते आगाशी, कुठेही न थांबता. सतरा वर्षं मागच्या दाराने गेले होते, त्या दिवशी पुढून गेले. डबा काकींच्या पायाशी ओतला.

"उरलेलं तुमचं हाय. तुम्हीच खावा."

धाकटे मालक हात उगारून आले. त्या हाताचं एक बोट वाकडंच राहिलं होतं. खांबाला केळी तोडायचा कोयता टेकवलेला होता. तो मी उचलला.

"हात लावा. लावून बघा."

हात खाली आला. काकी भिंतीला टेकल्या. मी कोयता टाकला नाही, नीट जागेवर ठेवला, आणि पुढच्याच दाराने बाहेर पडले.

ऑपरेशनला अकरा दिवस होते आणि अजून दोन किलो उतरायचे होते. ते मी उतरवणार होते. टेबलावर उपाशीपोटी घेतात, सिस्टरनी सांगितलं होतं. मेले तर उपाशी मरेन, पण त्या घरचा घास पोटात घेऊन मरणार नाही. आणि जगले, आणि पुन्हा कुणी माझ्या तोंडात बोटं घातली, तर या वेळी तोडूनच बाहेर काढीन.