आनंदाबाईची लांब रोटी

अल्लीपुरात लग्न ठरलं की आधी आनंदाबाईला निरोप जायचा, मग आचाऱ्याला. पातळसर कणीक हातावर झेलत ती कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद पसरायची. तिची लांब रोटी पाहायला नवरदेवाकडची माणसंही चुलीपाशी घुटमळत. बाईला त्याचा तोरा होता. का नसावा?

मग बोटं सुजू लागली. सकाळी मूठ मिटेना. सगळ्यांनी वात ठरवला, तिनेही. वाताचं एक बरं असतं, त्याची कोणी किळस करत नाही. घरची चूल सून आकांक्षाकडे गेली, पण लग्नाचे निरोप आनंदाबाई तेल चोळून, दात खाऊन निभावत राहिली. शेवटी मुलगा सचिन तिला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हा साधा वात नव्हे. काविळीचा 'सी' विषाणू वर्षानुवर्षं रक्तात मुरलाय, सांधे त्यानेच धरलेत. गोळ्यांनी जाईल. तिच्या हातचं खाऊन कोणाला होत नाही, हेही त्यांनी सचिनला बजावून सांगितलं.

घोटाळा सचिननेच केला, तोही मायेपोटी. शेजारच्या अण्णाजींकडे लग्न होतं आणि माय सुजल्या हातांनी निघाली होती. तिला थांबवायला तो बोलून गेला, "वात नाई होय तो, अण्णाजी. तिच्या रक्तात कावीळ आहे. राहू द्या तिले."

गावाला एवढं पुरलं. पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही.

गोळ्या संपल्या. तपासणीत विषाणू सापडला नाही, बोटंही सैल झाली. लग्नसराई आली आणि गेली, निरोप काही आला नाही. भेटेल ती बाई म्हणे, "आता आराम करा, काकू."

एका रविवारी तिने अंगणात चूल पेटवली, माठ पालथा घातला. कणीक हातावर पूर्वीसारखी धावली, तशी तिला रडूच आलं. पहिली रोटी ताटात घेऊन तिने सचिनला हाक मारली. तो सकाळपासून गोठ्यापाशी पाण्याची मोटर खोलून बसला होता.

"ये बापू, गरम आहे तोवर खाऊन घे."

त्याने ताटाकडे पाहिलं, मग मोटरीकडे.

"बाहीर जेवून आलो मी, माय."

"बरं," ती म्हणाली. चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं आणि उरलेली कणीक गाईपुढे ठेवली.