हरभऱ्याच्या गुंड्या

लढाई चालू होती आणि कापड कंट्रोलमध्ये गेलं होतं. रांगेत उभं राहून जे मिळे त्यात घरातल्या बायकांची लुगडी जेमतेम निघत. तशात माझं लग्न काढलं. मुलगी नदीपलीकडची, वाळव्याच्या अंगाची. बघायला जायचं तर अंगावर धड काही नाही, म्हणून आईने सुईदोरा घेतला.

मिलिट्रीतल्या चुलत्यांनी रजेवर येताना एक खाकी कांबळं आणलं होतं. त्याचा कोट झाला. तासगावच्या बाजारात गुंड्या मिळेनात, तेव्हा आईने जुन्या छत्रीचं काळं कापड गोल गोल कापलं, कडेने धावदोरा घातला, मधे दोन-दोन हरभरे ठेवले आणि दोरा आवळला. शेजारची म्हातारी म्हणाली, "मुंबईच्या वाटत्यात."

राहिला सदरा. कापड उरलं होतं हातभर. त्यात आईने कॉलर आणि पुढची छाती शिवली. पाठ नाही, बाह्या नाहीत, मागे बांधायला दोन नाड्या.

"कोट काढायचा न्हाई म्हंजे झालं," ती म्हणाली.

काढणार नव्हतोच. चुलते आणि मी गाडीने नदीपर्यंत आलो, नावेत बसलो आणि पलीकडे उतरताना माझा पाय घसरला. छातीएवढ्या पाण्यात गेलो. चुलत्यांनी बखोटीला धरून वर काढलं. "वाळंल वाटंत," म्हणाले. पुढे तीन कोस चालत. कांबळं पाणी धरून राहिलं. ऊन तापलं तशा माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या.

पोचलो तेव्हा ताटं मांडली होती. मुलीचे वडील म्हणाले, "कोट काढा, खुंटीला लावा."

"राहू द्या."

"आवं, ओला हाय की."

"मला सवय हाय," मी म्हणालो.

चुलत्यांना आतल्या सदऱ्याचं काही ठाऊक नव्हतं. "लाजतोय," म्हणत त्यांनी स्वतःच माझ्या गुंडीला हात घातला. गुंडी काजातून निघेना. हरभरे भिजून फुगले होते. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, तसा मी पाटासकट पुढे सरकलो. मग मुलीच्या मामांनी माझे खांदे मागून धरले आणि चुलते पुढून ओढू लागले.

मुलीचे वडील हे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. चुलत्यांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पोराच्या अंगावर काय डाग हाय का? कोड असंल तर आमी पोरगी देणार न्हाई."

चुलते लाल झाले. "आणा कात्री. कोट फाडा, पर बघाच."

कात्री मागितल्यावर आतून मुलगीच बाहेर आली, पण हातात सुई घेऊन. "फाडू नका, कांबळं चांगलं हाय," ती वडिलांना म्हणाली. माझ्यापुढे बसून तिने काजात सुई घातली आणि गुंडीचा आवळलेला दोरा तोडला. टपोरे दोन हरभरे तिच्या तळहातावर पडले. सगळे वाकून बघायला लागले.

"उद्या मोड येतील," मामा म्हणाले.

"हरभरंच का?" तिने मला हळूच विचारलं.

"तूर बारीक पडत होती."

तिने तोंडाला पदर लावला आणि दुसरी गुंडी धरली.

शेवटची सुटल्यावर कोट उतरला. कॉलर, छाती आणि दोन नाड्या, एवढ्यावर मी त्या सोप्यात उभा. मुलीच्या वडिलांनी मला उजेडात, दारापर्यंत नेलं. मागे जाऊन उघड्या पाठीवरून, दंडांवरून नजर फिरवली, एका तिळापाशी जरा थांबले.

"डाग न्हाई," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "पाठ लय स्वच्छ हाय."

आणि साखर कंट्रोलमध्ये होती म्हणून गूळ वाटला.

लग्न वैशाखात झालं. घरी आल्यावर बायकोने पहिलं काम काय केलं, तर आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यातून मला सदरा शिवला, पाठीसकट. काठ टाकून द्यायला तिचं मन होईना, तो माझ्या पाठीवर आडवा आला. तो सदरा घालून मी रानात वाकलो की बांधावरून जाणारे गडी लांबूनच विचारत, "वैनी, दादा कुठं हायत?"