खंडेनवमीचा डबा

दुधाच्या पावडरीच्या डब्यात रिव्हॉल्वर लपवणारी बाई तुमच्या पाहण्यात नसेल, तर ती मी. तेव्हा मी नवी नवरी म्हणून बहरीनला आले होते, केस खांद्यापर्यंत कापले होते आणि आपण कशाला घाबरत नाही असं साऱ्या मनामा शहराला सांगत फिरत होते. पाल दिसली की पलंगावर चढायचे, ते सांगत नसे.

रिव्हॉल्वर होतं हवालदारांचं. म्हणजे पेढीचं. फौजेतून निवृत्त होऊन ते एका सराफाच्या दुकानावर पहारा करत आणि आमच्या इमारतीत गच्चीवरच्या खोलीत राहत. साताऱ्याकडचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कात्री देतील तर मुठीकडून. माझा भाजीचा डबा परत करताना झाकण उघडून आतून दाखवत, "मोकळा हाय, वैनी, बघून घ्या." शिट्टी, किल्ल्या, बॅटरी, चाकू, सगळं अंगावर ठरलेल्या जागी. जिना उतरण्याआधी प्रत्येकाला हात लावून बघत, जणू शाळेत हजेरी चाललीय.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. सगळ्यांना सुट्टी, म्हणून मी फर्मान काढलं की ज्याचं जे हत्यार ते घेऊन पूजेला या. शहराबाहेर सनाबिसला राहणाऱ्या इंजिनियरांनी मोजपट्टी आणली. शेजारच्या वसईच्या नर्सबाईंनी कात्री आणली, वर म्हणाल्या, "आमच्या फादरना सांगू नका हं." ह्यांनी पेन ठेवलं, मी विळी. आणि हवालदारांना मी सगळ्यांदेखत म्हटलं, "खरं शस्त्र एकट्या तुमच्याकडे, आणि तेच नाही पूजेला?"

शुक्रवारी दुकान संध्याकाळीच उघडे; तोवर बंद असे, पण रिव्हॉल्वर त्यांच्या कमरेलाच राही. ते काढायचं नाही, ही शेठची ताकीद. हवालदार खूप वेळ घुटमळले. मग त्यांनी गोळ्या काढल्या, शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं, चक्र उघडून मला दाखवलं. "मोकळं हाय. बघून घ्या." मी बघितलं कुठे. मान हलवली नुसती.

पाटावर ते काळं धूड झेंडूच्या फुलांत पडलं आणि मी माझी विळी त्याच्यापासून लांब सरकवली. आरती म्हणताना माझी नजर इंजिनियरांच्या छोटीवर. ती पाटाकडे सरकत होती. हवालदार हात धुवायला उठले, तशी मी टॉवेलात गुंडाळून ते उचललं आणि स्वयंपाकघरात दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घातलं. ते परतले, पाट बघून जागीच थांबले.

"आत ठेवलंय नीट. जेवा निवांत," मी म्हटलं.

ते जेवले, पण दोन पुऱ्यांतच उठले.

पाहुणे गेले. हवालदार म्हणाले, "वैनी, द्या आता. दुकान उघडायची येळ झाली." मी डबा उघडला. आत चिवडा.

तसाच दुसरा डबा मी सनाबिसला द्यायला भरून ठेवला होता. "त्यांना डबा द्या हो," असं मी पुऱ्या लाटता लाटता ह्यांना सांगितलं होतं. कुठला, ते सांगायचं राहिलं.

हवालदारांनी डब्यात वाकून बघितलं. हात मात्र कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. परक्या मुलखात हरवलेलं हत्यार म्हणजे नोकरी खलास, आणि पुढे तुरुंग की काय, ते विचारायची माझी छाती नव्हती. टॅक्सीत मी रडत होते, हे ड्रायव्हरला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होते. हवालदार खिडकीबाहेर बघत शिट्टी चाचपत होते.

सनाबिसला दार उघडलं तर छोटी डबा पालथा घालून बडवत बसलेली. झाकण घट्ट होतं. तिची आई म्हणाली, "जड लागला. म्हटलं लाडू असतील."

हवालदारांनी डबा घेतला, आमच्याकडे पाठ करून उघडला, चक्र तपासलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी घाम पुसला. 

ते पोचले तेव्हा दुकान उघडून बराच वेळ झाला होता. शेठने उशिराचं कारण विचारलं. काहीही सांगता आलं असतं. ते म्हणाले, "हत्यार माझ्या हातनं सुटलं हुतं." कुणाच्या घरी, कुणामुळे, हे सांगितलं नाही. शेठने रिव्हॉल्वर काढून घेतलं आणि व्हिसा संपला तेव्हा पुन्हा काढला नाही.

गावी जायच्या दिवशी ते माझा भाजीचा डबा परत द्यायला आले. झाकण उघडून दाखवलं. या खेपेला मी खरंच आत वाकून बघितलं, कारण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. डब्यातच तोंड घालून मी म्हटलं, "मला त्या दिवशी फार भीती वाटत होती हो. म्हणून उचललं."

हवालदार पायरीवर थांबले. शिट्टीच्या जागेला हात लावला, किल्ल्यांच्या जागेला लावला. मग म्हणाले,

"भ्या वाटत हुतं तर सांगायचं की, वैनी. मी ते घिऊन जिन्यात बसलो असतो. तितंच जेवलो असतो."