आकडा दाखवणारा ड्राइव्ह

अण्णांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच ते बोलत नव्हतं. वहिनी त्यांच्या समोर येऊन, चेहरा वर करून बोलायच्या. मी नांदेडहून फोन करायचो तो वहिनींच्याच मोबाइलवर. नातवंडांनाही कोणी न सांगता कळलं होतं, की आजोबांना मागून हाक मारायची नाही, जाऊन खांद्याला हात लावायचा.

माझे हे थोरले भाऊ लातूरला धार लावण्याचं दुकान चालवत. शिंप्यांच्या कात्र्या, घरोघरच्या विळ्या, पण मुख्य काम कडबाकुट्टीच्या पात्यांचं. चाकूर, शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी पाती पोत्यात गुंडाळून आणत. आयुष्यभर ग्राइंडरच्या आवाजात उभं राहून त्यांचे कान गेले, आणि त्यांचं काम तर कानावरच चालायचं. पातं दगडावर जास्त दाबलं की मोटरचा आवाज खाली उतरतो. तो ऐकू आला की हात आपोआप सैल होतो. ऐकू नाही आला तर दाब वाढत जातो, पोलाद तापून निळं पडतं आणि धारेचं पाणी उतरतं. अण्णांच्या हातची पाती आता निळी पडू लागली होती. "माय, आठ दिवसांत गेली की हो धार," असं गिऱ्हाइकं वहिनींना हळूच सांगून जात.

एक दिवस अण्णांनीच ठरवलं, की जुना एका वेगाचा ग्राइंडर आता बास, वेग कमीजास्त करता येईल अशी मोटर बसवायची. दोष मोटरचा निघाला म्हणून घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल. मला वाचता येतं, म्हणून मी वाचत बसलो. दोन मार्ग होते. एक म्हणजे व्यायामाच्या ट्रेडमिलमध्ये असते तसली डीसी मोटर आणि वेग फिरवायला एक बटण. स्वस्त, सुटसुटीत. दुसरा म्हणजे थ्री फेजची मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह, म्हणजे वेग सांभाळणारं विजेचं उपकरण. घरातल्या साध्या सिंगल फेजवरही तो चालतो. त्याच्या खिडकीत आकडे दिसतात, आणि मोटर किती वीज ओढते आहे तेही त्यात दाखवता येतं. पातं जास्त दाबलं की आकडा चढतो. फारच चढला तर ड्राइव्ह स्वतःच मोटर थांबवतो. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की कानांनी जे सांगायचं ते हा आकडा डोळ्यांना सांगेल. ड्राइव्ह डोळ्यांच्या उंचीवर, धूळ जाणार नाही अशा पेटीत बसवायचा, एवढंच. लातूरला जाऊन अण्णांना मी सगळं समजावलं. आकडा कशासाठी, तेवढं मात्र सांगितलं नाही.

अण्णा नांदेडला आले आणि आम्ही मोंढ्याजवळच्या मोटरच्या दुकानात गेलो. दुकानदार मोठ्या आवाजाचा आणि सफाचट दाढीमिशांचा, त्यामुळे अण्णांना त्याचे ओठ नीट दिसत होते. त्यानं दोन्ही वस्तू काउंटरवर मांडल्या.

"मिस्त्री, कधीपासून धार लावून राहिलात?"

"तुमच्या बारशाच्या आधीपासून," अण्णा म्हणाले. दुकानातली माणसं हसली.

"मग आकडे कशाला लागतेत तुम्हाला? मशीन काय म्हणतंय ते ज्यांना कळत न्हाई, त्यांना आकडे. तुमचा तर कानच मीटर हाय!"

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव, कान हाय की."

"सर, पुस्तकातली मोटर येगळी अन् मोंढ्यातली येगळी," दुकानदार मला म्हणाला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते अण्णा.

मी म्हणालो, "अण्णा, आकड्याचाच घेऊ आपण."

"का बरं?"

दुकानातले सगळे माझ्याकडे बघत होते. या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते चारचौघांत देण्यासारखं नव्हतं.

"असंच. धूळ जात नाही त्याच्यात."

"धुळीला फडकं बांधतो मी," अण्णा म्हणाले आणि बटणाची मोटर उचलून त्यांनी स्वतःच पिशवीत घातली.

ती मोटर सुरुवातीला बरी चालली. वेग कमी ठेवला की पाती निळी पडायची थांबली. पण कमी वेगातही दाब तोच, आणि मोटर कण्हते आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. उन्हाळ्यात ती जळाली. धूर दिसला तो समोरच्या पानवाल्याला. तो धावत आला तेव्हा अण्णा पातं दाबून उभेच होते. बाजारात याची गोष्ट व्हायला वेळ लागला नाही. "मोटर पेटली तरी मिस्त्रीला पत्ता न्हाई," असं कोणीतरी हॉटेलात म्हणालं. ते त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. त्यांनी शटर ओढलं. मग रोज सकाळी अंघोळ, पूजा करून ते दुकानाच्या पायरीवर पेपर घेऊन बसत, आत जात नसत. मी ड्राइव्हचा विषय काढला की म्हणत, "राहू दे रे, लई झालं काम." असं वर्षभर चाललं.

शेवटी मी न विचारता थ्री फेजची मोटर आणि ड्राइव्ह या दोन्ही वस्तू घेऊन गेलो आणि ओळखीच्या वायरमनकडून बसवून घेतल्या. अण्णा दारात उभे राहून बघत होते. वायरमन गेल्यावर त्यांनी मोटर चालू केली आणि एक गंजकं पातं हातात घेतलं. आकडा दोनच्या आत होता. त्यांनी दाबलं, तो तीनच्या वर गेला. सैल केलं, उतरला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. बराच वेळ ते तेवढंच करत राहिले.

"एवढंच होतं व्हय?" ते म्हणाले.

मी मान हलवली. आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

दुकान उघडलं, पण गिऱ्हाइकं पांगली होती. कोणी दुसरीकडे जाऊ लागलं होतं, कोणी तयार पाती विकत आणून बदलत होतं. अण्णांनी गल्लीतल्या विळ्या लावल्या, शेजारच्या शिंप्याच्या कात्र्या लावल्या. एकही पातं निळं पडलं नाही. "थांबा, येतील," असं ते वहिनींना सांगत. दिवाळीनंतर झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे अण्णांना समाधी देऊन आल्यावर मी काही दिवस लातूरलाच राहिलो होतो. एका सकाळी चाकूरकडचा एक म्हातारा मोटरसायकलवर मागे बसून आला. मांडीवर पोतं होतं.

"मिस्त्री हायेत का? दुकान पुन्हा चालू केलं म्हणं त्यांनी."

वहिनींनी सांगितलं. तो पायरीवर बसला. पाणी दिलं ते त्यानं हातातच धरलं.

"बंद झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं होतं आम्हाला," तो म्हणाला. "चालू झालं ते परवा कळलं. आमच्याकडचे समदे येणार होते, माय. मीच म्हणलं, आधी मी जाऊन बघून येतो."

त्यानं पोतं सोडून पाती दाखवली. चार होती, पार बोथट. दुसरीकडे कुठे लावून मिळतील, असं त्यानं मला विचारलं. मी बाजारातल्या एका दुकानाचा रस्ता सांगितला. त्यानं पाती पुन्हा गुंडाळली, सुतळीनं नीट बांधली आणि तो गेला.