नख अडकतं का

“ओरखड्यावरून आधी नख फिरवायचं. अडकलं नाही तर तो पॉलिशनं जातो. अडकलं तर घासत बसू नको, आतपर्यंत गेलेला असतो.”

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी नुकतीच गाडी शिकले होते आणि दार गेटला घासून आणलं होतं.

बाबा गेले त्याला आज एक वर्ष झालं.

सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांना रंग देण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर हाताखाली उरली आमची एक छोटी गाडी.

रविवारी सकाळी ती सावलीत घ्यायची. दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी.

वरून खाली यायचं. चाकांचं फडकं वेगळं. हात सरळ रेषेत, गोल नाही. गोल फिरवला की उन्हात रंगावर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं.

समोरच्या घरातले राव अंकल गुंटूरकडचे, सरकारी ऑफिसात. त्यांची मरून रंगाची गाडी गल्लीतच उभी असायची. तेही रविवारीच धुवायचे. भांड्यांच्या साबणानं.

“भाईसाब, गाड़ी धो रहें कि कढ़ई?” बाबा विचारायचे.

“चमकना मास्टरगारू, बस.” अंकल बाबांना मान देऊन असंच म्हणायचे.

“आज चमकती. मगर वॅक्स पूरा निकल जाता. फिर धूप सीधा रंग को खाती.”

वर्षभरात बाबांनी त्यांना शॅम्पूवर आणलं. मग दोघं बेगम बाजारातून मायक्रोफायबरची फडकी डझनानं आणू लागले.

अंकलना जाहिरातीतली प्रत्येक बाटली हवी असायची. बाबा ती आधी आमच्या गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला, कुणाला न दिसणाऱ्या जागी लावून बघायचे. बहुतेक बाटल्या तिथेच नापास.

आंटी दारातून म्हणायच्या, “शादी से पहले मेरे को बी ऐसा टेस्ट करके देखना था।”

अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मग राज्याचे दोन तुकडे होण्याचे दिवस आले, हैदराबाद एकीकडे, गुंटूर दुसरीकडे. रोज कुठेतरी बंद, कुठेतरी गाड्यांच्या फुटलेल्या काचा.

एका बंदच्या आदल्या दिवशी सिग्नलला वेगळ्या राज्याच्या घोषणेचे स्टिकर वाटत होते; ते लावलेली गाडी कुणी फोडत नसे. मी दोन घेतले.

बंदच्या सकाळी एक आमच्या गाडीला लावला. दुसरा अंकलच्या गाडीला लावायला निघाले.

“त्यांना विचार आधी,” बाबा म्हणाले.

“सकाळचे सहा वाजलेत बाबा. ते उठेपर्यंत मोर्चा आला तर?”

बाबांनी गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली. मग म्हणाले, “आण इकडं. तू लावशील तर हवा राहील आत.”

बॉनेटवर त्यांनी तो अगदी सरळ लावला. एकही बुडबुडा नाही.

त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीच आलं नाही.

आठ वाजता राव अंकल दूध आणायला बाहेर पडले आणि गाडीपाशी थांबले.

“ये कौन लगाया?”

“मैं लगाया,” बाबा म्हणाले. मी त्यांच्या मागेच उभी होते. “गाड़ी के वास्ते, भाईसाब.”

“इत्ते साल साथ में गाड़ी धोये. आप बी मेरे को बाहर का समझे?”

“वैसा नहीं।”

“तुम लोगां बी तो बाहर सेच आये।”

माझे आजोबा परभणीहून इथे आले तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. हे त्या वेळी सांगण्यात काही अर्थ नव्हता.

अंकल घरात गेले आणि दाढीचं ब्लेड घेऊन आले.

“ब्लेड नक्को!” बाबा ओरडले. “गरम पानी डालो पहले. फिर खोबरे का तेल. पाँच मिनट में अपनेआप निकलता।”

त्याही वेळी ते पद्धतच सांगत होते.

स्टिकर निघाला. बॉनेटवर वीतभर रेघ राहिली.

नंतर मी म्हटलं, “स्टिकर मी आणले हे सांगते त्यांना.”

“नको. तू आंटीकडं जातेस ना. एकाचं तरी जाणं-येणं राहू दे.”

राहिलं. मी जात राहिले, आंटींच्या हातचा पेसरट्टू, मुगाचा डोसा, खात राहिले, आणि गप्प राहिले.

राज्य झालं. अंकलचं ऑफिस विजयवाड्याला गेलं. घराला कुलूप लागलं. संक्रांतीच्या आसपास ते यायचे, त्याच गाडीतून, त्याच रेघेसकट.

बाबांनी ओरखडे घासून काढायच्या बारीक कंपाउंडची एक बाटली आणून ठेवली होती. एकदा ती मरून गाडी समोर उभी होती, घरात कुणी नव्हतं. बाबा खाली उतरले. बॉनेटपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

“बघा ना नख फिरवून,” मी म्हटलं.

“दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावत नसतात. एकदा लावला.”

ती रेघ जाणारी होती की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. डब्यांचा रंग बोटानं ओळखणाऱ्या माणसाला.

गेल्या वर्षी बातमी कळल्यावर राव अंकल आले. फाटकाबाहेर उभे राहिले, हात जोडले, चहा न घेता गेले.

कंपाउंडची बाटली आज उघडली. आत दगड झालाय.

बाबा, तुमची फडकी धुऊन सावलीत वाळत घातली आहेत. चाकांचं वेगळं. तुम्हाला मनापासून आदरांजली.

राव अंकल, हे मी तुमच्यासाठी तेलुगूतही लिहून आंटींना पाठवते आहे. माझं तेलुगू कच्चं आहे, त्या सांभाळून घेतील.

ते स्टिकर मी आणले होते.

पुढच्या आठवड्यात घराच्या कागदांसाठी तुम्ही येणार असं कळलं. पॉलिश करू द्या असं म्हणत नाही. फक्त त्या रेघेवरून मला एकदा नख फिरवू द्या.

तुम्ही ‘वद्दम्मा, नको’ म्हणाल, हे मला माहीत आहे.

पण या वेळी आधी विचारते आहे.